जुनी पिकअप घेताय? आधी गाडीखाली शिरा

माझी पहिली पिकअप घरी आली तेव्हा आईनं तिला ओवाळलं आणि चुलतभावानं तिच्यासमोर उभं राहून फोटो काढले. रंग नवा, सीट कव्हर नवं, खाली वाकून पाहिलं तर चेसिससुद्धा (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) काळीभोर, चकचकीत. चौथ्या महिन्यात नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून निघालो आणि माळशेज घाटात मागून कडकन आवाज झाला. पुढच्या धाब्यावर टॉर्च घेऊन खाली शिरलो. केबिनच्या पाठीमागे, जिथं माल भरायचा हौदा सुरू होतो, तिथं चेसिसला आतून लोखंडी पट्टी मारून वेल्डिंग केलेलं होतं आणि वरून काळा रंग फिरवला होता. त्या पट्टीच्या कडेनं तडा परत उघडला होता. रात्री दोन वाजता दुसरी गाडी बोलावून एकेक क्रेट हलवला. मार्केटला पोचलो तेव्हा भाव पडलेला होता.

त्यानंतर स्वतःसाठी, भावकीतल्यांसाठी, गावातल्या पोरांसाठी मी बऱ्याच जुन्या पिकअप बघितल्या. बरोबर नेहमी एक मिस्त्री असायचे. त्यांच्याकडून जे शिकलो ते पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. जुनी कार बघायला शिकवणारे खूप जण भेटतील, पण कार आणि पिकअप यांची दुखणी वेगळी असतात. कार बिघडते ती बहुधा ठोकरीनं किंवा वयानं. पिकअप बिघडते ती वजनानं. टोमॅटोचा एक क्रेट वीस किलोचा धरा. दीड टन पासिंगच्या, म्हणजे आरटीओनं दीड टनच माल मंजूर केलेल्या, गाडीत 75 क्रेट बसायला हवेत. हंगामात त्याच गाडीत 120-130 क्रेट रचलेले तुम्हीही पाहिले असतील, म्हणजे अडीच टनांच्या आसपास माल. हे वजन रंगावर दिसत नाही. ते चेसिसवर, पाट्यांवर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), मागच्या हाउसिंगवर (मागच्या अ‍ॅक्सलचं कवच) आणि क्लचवर दिसतं. म्हणून निम्मा वेळ गाडीखाली घालवायचा.

जाण्याआधी फोनवर

पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. गाडीनं आजवर काय वाहिलं ते विचारा. भाजीपाला, दूध, किराणा, कुरिअर असं उत्तर आलं तर बरं. वाळू, विटा, खडी, लोखंडी सळई असेल तर चेसिस आणि पाटे दुप्पट काळजीनं बघायचे. कोंबड्यांची गाडी असेल तर हौद्याचा पत्रा आणि त्याखालच्या आडव्या पट्ट्या विष्ठेनं खाल्लेल्या असतात. सगळ्यात वाईट मासळीची गाडी. बर्फ वितळतो, खारट पाणी हौद्याच्या सांध्यातून चेसिसच्या पोकळीत उतरतं आणि आत बसून राहतं. बाहेरून शाबूत दिसणारी चेसिस आतून पापुद्र्यांसारखी सुटलेली मी हर्णैच्या एका गाडीत स्वतः बघितली आहे. टेलगेटजवळ नाक नेलं तरी तो वास येतो, फिनेल मारलेलं असलं तरी येतो.

दुसरा प्रश्न, गाडी कुठं कुठं राहिली. एमएच 08 रत्नागिरी आणि एमएच 07 सिंधुदुर्ग म्हणजे खारी हवा, तिथं गंज आधी बघायचा. एमएच 09 कोल्हापूर किंवा एमएच 10 सांगलीची गाडी ऑगस्ट 2019 च्या आधीची असेल, किंवा चिपळूण-महाड भागातली जुलै 2021 च्या आधीची असेल, तर महापुराच्या दिवसांत ती कुठं उभी होती हे सरळ विचारा. त्या भागातल्या हजारो गाड्यांना पाण्याचा थेंबही लागला नाही, त्यामुळे नंबर बघून गाडी नाकारू नका. फक्त पुराची तपासणी वगळू नका.

शेवटी मालकाला सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका आणि धुऊही नका." ज्याची गाडी चांगली आहे त्याला याचं काही वाटत नाही.

जाताना टॉर्च, लोहचुंबक आणि तो गुंडाळायला मऊ फडका, मेजपट्टी, एक स्क्रू ड्रायव्हर, पाण्याची बाटली आणि झोपायला पोतं किंवा पुठ्ठा घ्या. सकाळच्या उजेडात जा. संध्याकाळी, पावसात किंवा ओल्या गाडीवर रंगातला फरक कळत नाही. विश्वासातला मिस्त्री बरोबर न्या आणि त्याला त्याच्या दिवसाचे पैसे द्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा मिस्त्री नको.

चेसिस

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, चाकांना पुढून-मागून दगड लावून उभी करा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. पिकअप उंच असते, जॅकची गरजही पडत नाही. जवळ गॅरेजचा खड्डा असेल तर उत्तमच.

पुढून मागे जाणारे दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, ही तुमची चेसिस. टॉर्च समोरून न मारता चॅनेलला समांतर, तिरपा धरा. तिरप्या उजेडात वेल्डिंगचा उंचवटा आणि तड्याची रेघ लगेच उठून दिसते. सरळ उजेडात काळ्या रंगात सगळं लपतं. हा टॉर्च धरण्याचा फरक मला कळायला एक गाडी खर्ची पडली.

तीन जागा निवांत बघा. पहिली, केबिन संपते आणि हौदा सुरू होतो ती. दुसरी, पाट्यांचे पुढचे-मागचे ब्रॅकेट जिथं चेसिसला बसतात ती. तिसरी, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर चॅनेल जिथं वळण घेऊन उंच होतो ती. वजनाचा मार इथंच बसतो, त्यामुळे तडाही इथूनच सुरू होतो, बहुतेक वेळा एखाद्या भोकापासून किंवा रिव्हेटपासून. कंपनीचं वेल्डिंग एकसारखं असतं आणि डाव्या बाजूला जसं असेल तसंच उजव्या बाजूला असतं. म्हणून प्रत्येक जागेची दुसऱ्या बाजूशी तुलना करा. एका बाजूला पट्टी आहे, दुसरीकडे नाही, किंवा रिव्हेटच्या जागी नटबोल्ट आहे, तर तिथं काहीतरी घडलेलं आहे.

बाकी चेसिस धुळीनं मळलेली आणि मधलाच हातभर भाग नवा काळा असेल तर थांबा. संपूर्ण चेसिस ताजी रंगवलेली असेल तर त्याहून जास्त वेळ थांबा. मालकाला विचारून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चॅनेलवर ठोका मारत जा. चांगलं लोखंड ठण्ण वाजतं. गंजून पातळ झालेलं किंवा लांबी (पुट्टी) भरलेलं भद्द वाजतं. हा आवाज एकदा कानात बसला की विसरत नाही. पाणी निघायच्या भोकांत बोट घालून बघा. हाताला तांबडी भुकटी आली तर ठीक आहे, पापुद्रे आले तर गाडी सोडा.

आता बाहेर या आणि केबिन व हौद्यामधली फट बघा. मला ही सगळ्यात आवडती तपासणी वाटते, कारण तिला ना हत्यार लागतं ना मिस्त्री. फट वरच्या टोकाला किती आणि खालच्या टोकाला किती, दोन्ही बाजूंनी मेजपट्टीनं मोजा. वर-खाली सारखी असेल तर चेसिस सरळ असण्याची शक्यता चांगली. वर जास्त आणि खाली कमी म्हणजे मागं लादलेल्या वजनानं शेपूट खाली गेलं. वर कमी आणि खाली जास्त म्हणजे चेसिस मध्ये बसली. फरक फक्त एकाच बाजूला असेल तर गाडी पिळवटलेली आहे किंवा माउंटिंगचे रबर संपलेत. रबर बदलता येतात, त्यामुळे ते आधी बघून घ्या. सोबतच हौद्याचा मागचा फाळका उघडझाप करून बघा. तो घासत असेल, लाथ मारून बसवावा लागत असेल, तर हौदा चौकोनात राहिलेला नाही.

शेवटी पाण्याची बाटली. पुढची चाकं सरळ ठेवून ती ओली करा आणि कोरड्या सिमेंटवर गाडी हळू सरळ पुढे घ्यायला सांगा. मग मागची चाकं ओली करून पुन्हा तसंच. पुढच्या आणि मागच्या ठशांमधला फरक डावीकडे जेवढा, तेवढाच उजवीकडे हवा. एका बाजूला जास्त असेल तर गाडी तिरकी चालते. कधी पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलेला असतो, ते काम सोपं असतं. कधी चेसिसच वाकडी असते. कोणतं ते मिस्त्रीला ठरवू द्या, अंदाजावर पैसे देऊ नका.

पाटे, हाउसिंग, जॉइंट

पाट्यांची संख्या दोन्ही बाजूंना मोजा. कंपनीपेक्षा जास्तीचा पाटा घातलेला असेल तर ती गाडी ओव्हरलोडसाठीच चालवलेली आहे. मालक म्हणेल, "गाडी मजबूत केलीय." गाडीचे पाटे मजबूत झाले, चेसिस आणि हाउसिंग तेच राहिले आणि जास्तीचं वजन त्यांनी सोसलं. रिकाम्या गाडीचे पाटे सपाट किंवा उलटे झालेत का, एखादा मोडलाय का, यू-बोल्ट एकाच बाजूला नवे आहेत का, हेही बघा. चाकाच्या मध्यापासून हौद्याच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजलं की गाडी एका कुशीवर झुकलेली आहे का ते कळतं.

मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ऑइल ओघळलेलं असेल तर हबचं सील गेलंय, आणि ते ऑइल ब्रेक लायनरपर्यंत पोचतं. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा फिरता दांडा) हातानं हलवून बघा. त्याच्या क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, खेळ असेल तर टक्‌टक्‌ जाणवतं.

केबिन, पत्रा आणि पाण्याच्या खुणा

पत्र्यासाठी चुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं लांबी जाड भरलेली आहे. दाराला लांबी म्हणजे घासाघाशी, पिकअपला ती असायचीच, त्यावरून वाद घालू नका. पण पुढच्या खांबांना, छताला किंवा दाराच्या चौकटीला लांबी असेल तर गाडी मोठ्या अपघातात सापडली आहे. दाराचं रबर थोडं ओढून खालची कड बघा. कंपनीचे गोल वेल्डिंगचे ठिपके एका अंतरानं ओळीत असतात, डेंटरच्या हातचे तसे नसतात. काचांच्या कोपऱ्यातले शिक्के वाचा. पुढची काच दगडानं फुटून बदललेली असणं सामान्य आहे, पण तीन-चार काचांवर वेगवेगळे शिक्के असतील तर विचारा का.

पुरासाठी सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी धुणारा बेल्टचा बाहेरचा भाग धुतो, आत गुंडाळलेला शेवटचा हात-दीड हात विसरतो. तिथं चिखलाची रेघ राहते. मग सीटखालचे रूळ, पायाखालच्या मॅटच्या खालचा पत्रा आणि डॅशबोर्डखालचे वायरचे कनेक्टर बघा. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. अशी गाडी आज चालू होते आणि पुढच्या पावसाळ्यात एकेक करून सगळं बंद पडतं.

हौद्यात नवा पत्रा, प्लायवूड किंवा जाड मॅट अंथरलेली असेल तर एक कोपरा उचलायला सांगा. उचलू देत नसतील तर खालून बघा.

टायरवरचा चार आकडी शिक्का वाचायला शिका. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचा टायर भरल्या गाडीला मी वापरणार नाही. पुढचा टायर एकाच कडेनं खाल्लेला असेल तर अलाइनमेंटपासून वाकलेल्या अ‍ॅक्सलपर्यंत काहीही असू शकतं.

इंजिन

पोचल्यावर आधी बॉनेटखाली हात लावा. इंजिन कोमट असेल तर तुम्ही सांगूनही गाडी चालू केलेली आहे. अशा वेळी मी चहा घेतो आणि ती थंड व्हायची वाट बघतो. थंड इंजिन चालू होताना किती वेळ स्टार्टर मारावा लागतो आणि पहिला धूर कसा येतो, यातच अर्धी गोष्ट कळते.

चालू करण्याआधी डिपस्टिक काढा. डिझेल इंजिनचं ऑइल काळंच असतं, त्यानं घाबरू नका. चहात दूध घातल्यासारखं दिसत असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे आणि हेड उतरवावं लागणार. कूलंटच्या बाटलीत तेलाची साय आहे का बघा. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं, गरम असताना उकळतं पाणी तोंडावर येतं.

धूर क्षणभर येऊन थांबला तर ठीक. निळसर धूर सतत येत असेल तर इंजिन ऑइल जाळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर आणि सोबत गोडसर वास असेल तर कूलंट जळतंय. दाट काळा धूर म्हणजे एअर फिल्टरपासून पंप-नोझलपर्यंत काहीतरी. मग चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण सैल करून उलटं ठेवा. ते थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल आणि भोकातून धुराचे झोत येत असतील तर मिस्त्री म्हणतात तसं "कंप्रेशन मारतंय", म्हणजे इंजिनचं काम जवळ आलंय.

एप्रिल 2020 नंतरची, प्रदूषणाच्या बीएस 6 नियमातली गाडी असेल तर किल्ली फिरवल्यावर मीटरमधला इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद करून ठेवलाय, कारण तो विझत नव्हता. स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये एकदा लावून घ्या.

चालवून बघताना

रिकामी पिकअप पाच मिनिटं गल्लीत फिरवून काहीही कळत नाही. शक्य असेल तर मालकाच्या खर्चानं नाही, तुमच्या खर्चानं पासिंगइतकं वजन भरा. शेताजवळ असाल तर माती भरलेली पोती चालतात. मग चढ असलेला रस्ता धरा. चढाला वरच्या गिअरमध्ये दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सोडल्यावर गिअर न्यूट्रलला उडतोय का बघा. मागून घूं असा आवाज पाय दाबल्यावर एक आणि सोडल्यावर वेगळा येत असेल तर क्राउन-पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर) झिजलेत. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, जोरात ब्रेक मारून गाडी एका बाजूला ओढते का पाहा.

मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. साठ हजार लिहिलंय आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंग चकाकलेलं, ड्रायव्हरकडचं सीट खड्डा पडलेलं, तर पेडलवर विश्वास ठेवा.

कुठं थांबायचं

क्लच, पाटे, बुश, टायर, बॅटरी, हबचं सील ही सगळी खर्चाची कामं आहेत. मिस्त्रीकडून आकडा काढून घ्या आणि तो किमतीतून वजा करून बोला. चेसिसला तडा, पापुद्रे सुटलेला गंज, पुराचं पाणी आणि खोडलेला चेसिस नंबर, या चार गोष्टींना कमी किंमत हे उत्तर नाही. तिथून निघून यायचं.

कागद आणि नंबर

चेसिस नंबर आरसीवरून वाचून गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. तो 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच. महिंद्राचा एमए1 नं, टाटाचा एमएटी नं सुरू होतो. बहुतेक गाड्यांत दहावं अक्षर वर्षाचं असतं: जे म्हणजे 2018, के 2019, एल 2020. नंबराभोवती घासलेलं, रंगवलेलं किंवा अक्षरं वर-खाली झालेली दिसली तर पुढे बोलू नका.

परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी आणि बँकेचा बोजा स्वतः बघा, ई-चलनं वेगळी तपासा. मालवाहू गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी करावा लागतो, तो खर्च धरून चाला. एकूण वजन 3000 किलोच्या वर असेल तर परमिटही लागतं. मागच्या वर्षांच्या पॉलिसी मागा. एकाच मालकाकडे पाच-सहा वर्षं असलेल्या गाडीवर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल वाढत जाणारी सूट) शून्य किंवा 20 टक्केच दिसला, तर मधे क्लेम झालाय का, कशाचा झाला, हे विचारा.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची असेल तर एनओसीचा फॉर्म 28. ताबा घेताना कागदावर तारखेबरोबर वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या, म्हणजे त्याआधीचं चलन किंवा अपघात कुणाचा यावर वाद राहत नाही. गाडी नावावर करायचा अर्ज 30 दिवसांत आणि इन्शुरन्स कंपनीकडे पॉलिसी बदलायचा अर्ज 14 दिवसांत द्यायचा असतो. मी इन्शुरन्सचा अर्ज ताबा घेतला त्याच दिवशी देतो आणि पॉलिसी माझ्या नावावर येईपर्यंत गाडीत माल भरत नाही.